शहाणपणाचा अर्थ : साडेतीन शहाण्यांच्या परंपरेचा ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

मराठी भाषेत ‘शहाणपण’ हा शब्द जितक्या सहजतेने वापरला जातो तितक्या सहजतेने त्याचा अर्थ सांगता येत नाही. आई मुलाला ‘शहाणा हो’ म्हणते तेव्हा तो गुण असतो. तोच शब्द ‘फार शहाणा आहेस’ या वाक्यात आला की त्याचे दूषण होते. ‘दीडशहाणा’ हा एका शहाण्याहून अर्ध्याने अधिक असूनही शहाण्याहून कमी ठरतो. ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण शहाणपणाच्या अतिरेकाचे फळ सांगते, तर ‘सत्तेपुढे शहाणपण चालत नाही’ ही म्हण त्याची मर्यादा दाखविते. एकाच शब्दाभोवती आदर, उपहास आणि हताशा या तिन्ही भावना गोळा व्हाव्यात, हे त्या शब्दामागील सामाजिक अनुभव गुंतागुंतीचा असल्याचे लक्षण होय.

हा अनुभव इतिहासात शोधावयाचा झाल्यास उत्तर पेशवाईतील ‘साडेतीन शहाणे’ या प्रसिद्ध परंपरेइतके सोयीचे दुसरे स्थळ नाही. लोकांनी एका विशिष्ट काळातील चार व्यक्तींना जाणीवपूर्वक ‘शहाणे’ ही पदवी दिली, त्यांतही एकाला अर्धा मानले, आणि ही गणना आजतागायत स्मरणात ठेवली. कोणत्या गुणांना समाजाने शहाणपण म्हटले, कोणत्या गुणांना म्हटले नाही आणि त्या शहाणपणाचे अंती काय झाले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विचाराचे भौगोलिक केंद्र म्हणून पनवेल बंदर व त्यालगतचा गाढी नदीचा काठ घेतला आहे. नदीच्या पलीकडे असलेले करंजाडे हे गाव आज नवी मुंबईच्या विस्तारात सामावले आहे. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरातून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर साडेतीन शहाण्यांपैकी दोघांच्या शहाणपणाची कसोटी लागली.

२. शब्दाचा विचार

‘शहाणा’ हा शब्द संस्कृत ‘सज्ञान’ या शब्दापासून प्राकृतातून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. हिंदीतील ‘सयाना’ हा त्याचा सख्खा भाऊ होय. मूळ शब्दाचा अर्थ ‘ज्ञानासहित असलेला’ असा असून त्याला वयाचाही संदर्भ आहे. कायद्याच्या भाषेत ‘सज्ञान’ म्हणजे वयात आलेला, स्वतःच्या कृत्याची जबाबदारी घेण्यास पात्र झालेला. म्हणजेच या शब्दाच्या मुळाशी जाण आणि जबाबदारी या दोन्ही कल्पना आहेत. पांडित्याची कल्पना त्यात नाही. विद्वान मनुष्य शहाणा असेलच असे मराठी माणूस कधी गृहीत धरीत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाचा दहावा समास ‘पढतमूर्ख’ यासाठी वेगळा राखला, यावरून विद्या आणि शहाणपण यांतील भेद सतराव्या शतकात किती स्पष्ट होता हे दिसते.

शास्त्रीय परिभाषेत या भेदाला आधार आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात तीन गोष्टी वेगळ्या केल्या : नित्य सत्याचे ज्ञान म्हणजे ‘सोफिया’, माणसाच्या हिताचे काय हे प्रसंग पाहून ठरविण्याची शक्ती म्हणजे ‘फ्रोनेसिस’, आणि हेतू चांगला असो वा वाईट, तो तडीस नेण्याचे कौशल्य म्हणजे नुसती हुशारी. मराठीत यांना अनुक्रमे प्रज्ञा, विवेक आणि चातुर्य असे शब्द योजता येतील. ‘शहाणपण’ हा शब्द मात्र विवेक आणि चातुर्य या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. म्हणूनच त्याला आदरही मिळतो आणि संशयही.

भारतीय राजनीतिशास्त्रात कौटिल्याने राजशक्तीचे तीन प्रकार सांगितले आहेत : मंत्रशक्ती म्हणजे ज्ञान व सल्ला यांचे बळ, प्रभुशक्ती म्हणजे कोश व सैन्य यांचे बळ, आणि उत्साहशक्ती म्हणजे पराक्रमाचे बळ. या तिहींत कौटिल्य मंत्रशक्तीला श्रेष्ठ मानतो. ही कसोटी पुढे उपयोगी पडणार आहे.

३. साडेतीन शहाणे कोण?

परंपरेने सांगितलेले तीन पूर्ण शहाणे म्हणजे पेशव्यांचे कारभारी सखाराम बापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे दिवाण देवाजीपंत चोरघडे आणि निजाम अलीचा दिवाण विठ्ठल सुंदर. अर्धे शहाणे म्हणजे बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणवीस.

या यादीतील पहिली लक्षणीय गोष्ट ही की, हे चौघे एका पक्षाचे नाहीत. विठ्ठल सुंदर हा मराठ्यांच्या शत्रूचा दिवाण. देवाजीपंत हे अशा दरबाराचे, की जो कधी पुण्याच्या बाजूने तर कधी विरुद्ध असे. लोकांनी शहाणपणाचे मोजमाप करताना निष्ठेचा निकष लावला नाही. शत्रूच्या बुद्धीलाही त्यांनी तीच पदवी दिली.

दुसरी गोष्ट अशी की, तीन पूर्ण शहाणे एका रणभूमीच्या निमित्ताने एकत्र येतात. १७६१ च्या पानिपतानंतर मराठी राज्य दुबळे झाले आहे असे पाहून निजाम अलीने १७६३ मध्ये चढाई केली. विठ्ठल सुंदराच्या सल्ल्याने जानोजी भोसले यांना छत्रपतिपदाची आशा दाखवून फोडण्यात आले आणि पुणे शहर लुटले व जाळले गेले. याला प्रत्युत्तर म्हणून जानोजींना मुलखाचे आमिष देऊन पुन्हा पेशव्यांकडे वळविण्यात आले. या वाटाघाटीत एका बाजूस सखाराम बापू व दुसऱ्या बाजूस देवाजीपंत होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे, निजाम नदी उतरून पलीकडे गेला असता अलीकडे राहिलेल्या पिछाडीच्या फौजेवर मराठ्यांनी हल्ला केला. तिचे नेतृत्व विठ्ठल सुंदराकडे होते. तो तेथेच मारला गेला.

या प्रसंगात त्या काळच्या शहाणपणाचे यंत्र पूर्ण उघडे दिसते. माणूस कशाने वळतो हे ओळखणे, त्याच्या लोभाला वा अभिमानाला योग्य वेळी हात घालणे, शब्द द्यावयाचा पण तो किती काळ टिकेल याचा हिशोब मनात ठेवावयाचा, आणि गरज पडल्यास स्वतः घोड्यावर बसून लढाईत उतरावयाचे, हे त्याचे घटक होत. विठ्ठल सुंदराने जानोजींना फोडले. त्याच उपायाने ते पुन्हा त्याच्यावर उलटले. जे शहाणपण फितुरीवर उभे राहते त्याला प्रतिपक्षाची अधिक मोठी बोली पाडू शकते, हा राक्षसभुवनचा धडा आहे. पेशव्यांनी दिलेले आमिषही पुढे टिकले नाही. माधवरावांनी भोसल्यांवर मोहिमा करून दिलेला मुलूख बहुतांशी परत घेतला आणि १७६९ च्या कनकापूरच्या तहाने नागपूरकरांना नमविले.

४. ‘अर्धा’ का?

नाना फडणवीस अर्धे शहाणे का, याचे रूढ उत्तर असे की, उरलेले तिघे लेखणी व तलवार या दोहोंत प्रवीण होते, नाना केवळ लेखणीचे. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. पानिपतावर ते वयाच्या एकोणिसाव्या वर्षी उपस्थित होते. तेथून ते जिवंत परतले, परंतु त्यांची आई त्या गर्दीत कायमची अंतरली. या प्रसंगाविषयी त्यांनी स्वतःच्या हातचे जे आत्मवृत्त लिहून ठेवले आहे ते मराठीतील अत्यंत प्रांजळ लेखनांपैकी एक होय. पुढील आयुष्यात त्यांनी रणांगणावर नेतृत्व केले नाही हे खरे.

कौटिल्याच्या मापाने पाहिले तर हे उत्तर विचित्र ठरते. मंत्रशक्ती जर उत्साहशक्तीहून श्रेष्ठ, तर केवळ मंत्रशक्तीवर पंचवीस वर्षे राज्य सावरणारा पुरुष अर्धा कसा? यावरून असे दिसते की, मराठी लोकपरंपरेचे माप शास्त्रकारांच्या मापाहून निराळे होते. अठराव्या शतकातील मराठी समाज हा शिलेदारांचा व शेतकऱ्यांचा समाज होता. सल्ला देणाऱ्याने त्या सल्ल्याची किंमत स्वतःच्या देहाने मोजण्यास तयार असले पाहिजे, ही त्याची अपेक्षा होती. दूर बसून दुसऱ्यांना झुंजविणारी बुद्धी त्याला अपुरी वाटली.

परंतु ‘साडेतीन’ या संख्येचाही विचार करणे अवश्य आहे. महाराष्ट्रात देवीची पीठे साडेतीन : कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण आणि सप्तशृंगी हे अर्धे. मुहूर्तही साडेतीन : गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा हे पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा. ओंकाराच्या मात्रा साडेतीन असून त्यांतील अर्धमात्रा ही तर योगमार्गात सर्वांत सूक्ष्म व पलीकडची मानलेली आहे. सप्तशृंगीच्या भक्ताला आपली देवी अर्धी वाटत नाही. तेव्हा ‘अर्धा’ म्हणजे नेहमी उणा, असे मराठी मनाने मानलेले नाही. तीनांच्या पंक्तीत न बसणारे, निराळ्या जातीचे असेही त्या शब्दाने सुचविले जाते. नानांची गणना करताना लोकांना त्यांच्यातले काहीतरी त्या तिघांच्या मापात न बसणारे वाटले असावे. ते काय, याचे उत्तर पनवेल ते वडगाव या वाटेवर मिळते.

५. पनवेलची वाट : १७७८–७९

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर रघुनाथरावांना दूर करण्यासाठी पुण्यातील मुत्सद्द्यांनी जो संघ केला तो ‘बारभाई’ या नावाने प्रसिद्ध आहे. सखाराम बापू व नाना हे त्याचे दोन आधारस्तंभ. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरत येथे मुंबईकर इंग्रजांशी तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो अमान्य करून कर्नल अप्टन याच्यामार्फत १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. तो तह पुण्याच्या बाजूने बापू व नाना यांनीच ठरविला.

दोन वर्षांतच या दोघांत अंतर पडले. नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी १७७८ मध्ये रघुनाथरावांना पुण्यास आणण्याचा घाट घातला. मुंबईकरांच्या दृष्टीने या निमंत्रणाला वजन होते, कारण त्यामागे बापूंचा पाठिंबा असल्याची बातमी त्यांच्याकडे होती. बापूंचे धोरण सर्व दरवाजे अर्धवट उघडे ठेवण्याचे होते. रघुनाथराव जिंकले तरी आपण असावे आणि बारभाई टिकले तरीही आपण असावे, अशी त्यांची योजना होती. मोरोबांचा डाव फसला व ते कैदेत पडले. परंतु मुंबईकरांनी माघार घेतली नाही.

नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजारांची इंग्रज फौज रघुनाथरावांना घेऊन पनवेल बंदरात उतरली. सेनापती कर्नल एजर्टन; त्याच्यावर देखरेख करणाऱ्या समितीत जॉन कार्नाक व पुण्याची माहिती असलेला मॉस्टिन हे होते. मॉस्टिन आजारी पडला आणि १७७९ च्या आरंभीच वारला. सैन्याबरोबर बैलांचा प्रचंड तांडा होता. बोरघाट चढून फौज डिसेंबरच्या उत्तरार्धात खंडाळ्यास जमली. तेथून तळेगाव वीस मैलांच्या आतबाहेर. परंतु तेवढे अंतर कापण्यास ९ जानेवारी उजाडला.

या मंदगतीचे कारण केवळ इंग्रजांचा गोंधळ नव्हे. महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजा समोर होत्या, पण त्यांनी निकराची लढाई टाळली. रोज थोडी छेडछाड करावी, पुढील गावे रिकामी करावी, चारा जाळावा, पाणवठे निरुपयोगी करावे आणि मागील बोरघाटाची वाट तोडावी, असा क्रम होता. ४ जानेवारी रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला. त्याचे धैर्य पाहून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले व वडगाव येथे त्याची स्मृती आजही जपली जाते. इंग्रज तळेगावास पोचले तेव्हा ते जळून गेलेले होते. दोन दिवसांनी, ११ जानेवारीच्या रात्री, जड तोफा तळ्यात टाकून त्यांनी माघार सुरू केली. वडगाव येथे ते वेढले गेले आणि त्यांना तह करावा लागला. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले.

या मोहिमेत पुण्याचा जय कशामुळे झाला? पराक्रमाचा वाटा महादजींचा मोठा आहे, यात संशय नाही. परंतु ज्या योजनेमुळे चार हजारांची शिस्तबद्ध फौज लढाई न होताच निकामी झाली, ती योजना वेळ, अंतर, चारा, पाणी आणि बातमी यांच्या हिशोबावर उभी होती. पनवेलला उतरलेली फौज किती, तिच्याबरोबर धान्य किती दिवसांचे, रघुनाथरावांना मिळण्यास कोण सरदार पुढे येईल आणि कोण येणार नाही, याची माहिती पुण्यास पोचत होती. नानांच्या बातमीदारांचे जाळे सर्वश्रुत आहे. रघुनाथराव ज्या सरदारांच्या भरवशावर घाट चढले त्यांच्यापैकी कोणी आला नाही. कारण त्यांची तोंडे अगोदरच बांधली गेली होती. राक्षसभुवनला शहाणपण म्हणजे माणूस फोडणे होते; वडगावला ते माणसे एकत्र राखणे हे होते. बापूंच्या आणि नानांच्या शहाणपणातील मूलभूत भेद हाच होय.

वडगावनंतर १७७९ मध्ये सखाराम बापूंना अटक झाली. त्यांना किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले आणि १७८१ मध्ये रायगडावर त्यांचा अंत झाला. पूर्ण शहाणा तो असा संपला. त्याच वर्षी देवाजीपंतही वारले. चौकडीच्या संघात भोसले सामील असूनही त्यांच्या फौजेने बंगालवर घाव घातला नाही, कारण वॉरन हेस्टिंग्जने पैसा देऊन नागपूरकरांना थोपविले. पुणे, हैदराबाद आणि कलकत्ता यांच्या मध्ये आपला दरबार तरावा, हे देवाजीपंतांचे आयुष्यभराचे ध्येय होते. ते त्यांनी साधले. परंतु शेजाऱ्याचे घर जळत असता आपले वाचले यात समाधान मानणाऱ्या शहाणपणाची मर्यादा पुढील पिढीला भोगावी लागली.

याच एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड बोरघाटातून मागे फिरला आणि मराठ्यांनी त्याला पनवेलपर्यंत सतावून सोडले. गाढीच्या काठाने अडीच वर्षांच्या आत इंग्रजांची दुसरी माघार पाहिली.

६. यादीत नसलेली नावे

कोणत्याही गणनेत जे वगळले जाते त्यावरून गणकाचे मन कळते. त्याच काळातील रामशास्त्री प्रभुणे या यादीत नाहीत. नारायणरावांच्या खुनाची चौकशी करून साक्षात सत्ताधारी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा व त्यानंतर पुणे सोडून जाणारा हा न्यायाधीश मराठी स्मृतीत अढळ आहे; परंतु त्याला कोणी ‘शहाणा’ म्हटले नाही. त्याला ‘निःस्पृह’ म्हटले. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही असे म्हणणाऱ्या समाजाने, सत्तेपुढे जे चालविले गेले त्याला शहाणपण हे नाव दिले नाही.

अहिल्याबाई होळकर याही यादीत नाहीत. १७६७ मध्ये मालेरावांच्या मृत्यूनंतर होळकरांची दौलत ताब्यात घेण्याच्या इराद्याने रघुनाथराव फौजेसह चालून आले असता, त्यांनी लढाई न होता तो प्रसंग निभावला, माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळविला आणि १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार केला. मुत्सद्देगिरीच्या कोणत्याही कसोटीस हे उतरते. तथापि लोकांनी त्यांना पुण्यश्लोक म्हटले, शहाण्यांत गणले नाही.

यावरून असा निष्कर्ष काढता येतो की, अठराव्या शतकातील ‘शहाणा’ या पदवीत न्याय आणि पुण्य यांचा अंतर्भाव नव्हता. ती दरबारी पुरुषाच्या चातुर्याला दिलेली पदवी होती. समाजाने सद्गुण निराळ्या कप्प्यात ठेवला आणि बुद्धी निराळ्या. हे विभाजन केवळ शब्दांचे नव्हते. रामशास्त्री पुणे सोडून जाऊ शकले, कारण त्यांच्या निर्णयाची अंमलबजावणी करणारी संस्था अस्तित्वात नव्हती. विवेकाजवळ सत्ता नव्हती आणि चातुर्याला विवेकाचे बंधन नव्हते.

७. चार शहाणी माणसे

परंतु मराठी भाषेत शहाणपणाचा आणखी एक प्रयोग आहे. गावात तंटा झाला, सोयरीक अडली, बांधावरून भांडण लागले, की लोक म्हणतात, ‘चार शहाण्या माणसांना बोलवा.’ हे चार शहाणे म्हणजे कोणी दिवाण नव्हेत. ते कोण हे ऐतिहासिक कागदांवरून नेमके सांगता येते.

मराठा काळातील वतनाचे वाद गोतसभेपुढे चालत. सभेत देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, मिरासदार शेतकरी आणि बलुतेदार बसत. दोन्ही पक्षांची तकरीर घेतली जाई, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. महजरांवर ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी असे : शेतकऱ्याचा नांगर, शेट्याचा तराजू आणि कारागिरांची ज्याची त्याची हत्यारे. ज्याला अक्षर येत नाही त्याचेही शहाणपण कागदावर नोंदले जात होते आणि त्यावर वतने ठरत होती.

ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. जातीची उतरंड तिच्यात पक्की होती, अस्पृश्यांचे स्थान कडेला होते आणि स्त्रियांचा आवाज क्वचितच ऐकला जाई. परंतु शहाणपण हे एका डोक्यात नसून अनेकांच्या एकत्र बसण्यात असते, हे तत्त्व तिच्या मुळाशी होते. कौटिल्यही राजाने एकट्या मंत्र्याशी खलबत करू नये असे सांगतो. एकटा असला तर तो स्वैर होतो. दोघे असले तर एक होऊन राजाला दाबतात किंवा भांडून कार्य बुडवितात. म्हणून तीन किंवा चार मंत्र्यांशी विचार करावा, असे त्याचे मत आहे.

या दृष्टीने बारभाईंचा इतिहास पुन्हा वाचला पाहिजे. १७७४ मध्ये बारभाई ही एक प्रकारची राज्याची गोतसभाच होती. पाच वर्षांत तिच्यातील मोरोबा कैदेत गेले, बापू कैदेत गेले आणि सर्व सूत्रे एकट्या नानांच्या हाती आली. त्यानंतरचा काळ यशाचा आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहास घाईने संमती न देण्याचा संयम त्यात आहे आणि ११ मार्च १७९५ चा खर्ड्याचा विजयही त्यात आहे. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू होताच एका माणसाच्या शहाणपणावर उभी असलेली इमारत हादरली. ज्या तरुण पेशव्याला कडक देखरेखीखाली वाढविले त्याला राज्यकारभाराचा स्वतंत्र अनुभव मिळाला नव्हता. आता तो तर गेलाच, आणि वारसाचा निर्णय करील अशी सभाही उरली नव्हती. नाना १७९६ मध्ये महाडास गेले, तेथून कारस्थान करून परत आले, १७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या कैदेत पडले, पुढील वर्षी सुटले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यास वारले. रेसिडेंट कर्नल पामर याने त्या वेळी कळविले की, मराठी राज्यातील शहाणपण व संयम नानांबरोबर गेले. हे उद्गार नानांचा गौरव म्हणून नेहमी सांगितले जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांतील दोषारोपही ओळखला पाहिजे : ज्या राज्यातील शहाणपण एका मनुष्याच्या अंत्यविधीबरोबर संपते, त्या राज्याने शहाणपणाची साठवण केलेली नसते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर हे सामान्य सावकारांसारखे नाहीत, त्यांच्यामागे राज्ये आहेत, त्यांना समुद्रकिनारी पक्के ठाणे करू देऊ नये, हा इशारा अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच लिहून ठेवलेला होता. म्हणजे ज्ञान होते, लेखनही होते. त्या ज्ञानाला पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवणारी सभा नव्हती.

८. गाढीच्या काठावरील पुढील कथा

पनवेल-उरणच्या या पट्ट्यात शहाणपण आणि सत्ता यांचा प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गावांच्या जमिनी घेण्यात येऊ लागल्या. शेतकरी, आगरी, कोळी व मिठागरांवर राबणारे लोक यांना नियोजनाच्या भाषेत स्थान नव्हते. नकाशा काढणारे शहाणे आणि ज्यांच्या शेतावर नकाशा काढला ते अडाणी, अशी वाटणी गृहीत धरली गेली होती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात जे आंदोलन झाले त्यात गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे १९९० नंतर अमलात आलेल्या साडेबारा टक्के योजनेने संपादित जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले, आणि विमानतळाच्या भूसंपादनात तो हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला.

या मागणीमागील विचार पाहण्यासारखा आहे. रोख मोबदला एकदाच मिळतो व संपतो; शहर वाढेल तसे मूल्य वाढेल, म्हणून त्या वाढीत वाटा हवा, हा तो विचार. हे दीर्घदृष्टीचे शहाणपण कोणा दिवाणाच्या डोक्यातून एकटे निघालेले नाही. गावोगावच्या बैठकांत ते घडले आणि त्याची किंमत लोकांनी स्वतःच्या देहाने मोजली. अठराव्या शतकातील लोकपरंपरेने पूर्ण शहाण्यासाठी जी अट घातली होती ती येथे सामान्य माणसांनी पूर्ण केली. करंजाडे-वडघर भागात विमानतळासाठी उठविलेल्या काही गावांचे पुनर्वसन झाले असून, २०२५ मध्ये उद्घाटन झालेले ते विमानतळ तेथून हाकेच्या अंतरावर आहे. अर्थात मिळालेला भूखंड विकला, पैसा खर्चला आणि पुढील पिढी रिकाम्या हाताने उरली, अशी उदाहरणेही या पट्ट्यात आहेत. एकत्र येऊन मिळविलेले एकेकट्याने राखता येतेच असे नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : मराठी परंपरेत शहाणपण म्हणजे विद्या नव्हे, तर प्रसंगाची जाण आणि तिची जबाबदारी घेण्याची तयारी, साडेतीन शहाण्यांच्या गणनेतील ‘अर्ध्या’ची कल्पना ही जबाबदारीच्या मोजमापातून आली आहे. दुसरी : या गणनेने चातुर्याला पदवी दिली व न्यायबुद्धीला वगळले. त्यामुळे ‘शहाणा’ या शब्दाला जो संशयाचा वास लागला तो आजच्या म्हणींतही टिकून आहे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची : फोडण्याचे शहाणपण राक्षसभुवनला जिंकले आणि हरलेही, एकत्र राखण्याचे शहाणपण पनवेल-वडगावच्या वाटेवर जिंकले, परंतु तेही एका माणसापुरते राहिल्यामुळे त्याच्याबरोबर संपले.

शब्दाच्या मुळाकडे परत गेले तर ‘सज्ञान’ म्हणजे वयात आलेला. व्यक्ती काळानुसार आपोआप वयात येते; समाज तसा येत नाही. आपल्यातील शहाण्यांना मोजण्यापेक्षा त्यांना एकत्र बसविण्याची, त्यांत रामशास्त्र्यांनाही जागा ठेवण्याची आणि नांगराची निशाणी करणाऱ्याचे मत कागदावर घेण्याची व्यवस्था जो समाज टिकवितो, त्यालाच सज्ञान म्हणता येईल.